टेम्पोतली लाईट

कांद्याला पाणी धरायचे दिवस आले की आमच्या जुन्नरकडं एक आठवडा लाईट रात्रीची, आणि रात्री रानात बिबट्या. नदीपलीकडं खंडानं घेतलेल्या रानात खोली नाही. मोटरच्या लाईटीवर बल्ब लावला तर ती गेली की सगळाच अंधार. म्हणून गेल्या वर्षी जुन्या टेम्पोवर पत्र्याची बॉडी बांधली, आत झोपायला फळी टाकली आणि फळीखाली १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी, १००० वॅटचा इन्व्हर्टर ठेवला.

चुकलो वायरीत. घरात पडून होती ती चार स्क्वेअरची वायर बॅटरीपासून इन्व्हर्टरला जोडली. बल्ब-पंखा चालला, म्हटलं झालं काम. जानेवारीतल्या एका रात्री थंडीनं हात वळेनात, म्हणून १००० वॅटची चहाची किटली लावली. घरात २३० व्होल्टवर ही किटली चार-साडेचार अँपिअर घेते. बारा व्होल्टवर तेवढ्याच वॅटला ८३ अँपिअर लागतात, आणि इन्व्हर्टरचा तोटा धरून नव्वदीच्या पुढं. हे गणित मला दहावीला येत होतं बरं का.

मी बाहेर बारं मोडत होतो, पोरगं आत झोपलेलं. जळका वास आला म्हणून धावलो. इन्व्हर्टर बंद केला तरी धूर थांबेना! दोन्ही वायरींचं प्लास्टिक वितळून तांब्याला तांबं चिकटलेलं, म्हणजे बॅटरी सरळ शॉर्ट. पोराला आधी बाहेर ओढलं, मग पान्यानं टर्मिनल सोडवलं. दोन बोटं भाजली. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. तेव्हा चार्जिंग चालू नव्हतं, नाहीतर त्या बंद डब्यात ठिणगीनं काय झालं असतं, तो विचार अजून रात्री येतो. घरच्यांनी महिनाभर पोराला रानात पाठवलं नाही, आणि मीही काही बोललो नाही.

यंदा आधी वही घेतली. पाच वॅटचे दोन डीसी बल्ब पाच तास, ५० वॅट-तास. २५ वॅटचा डीसी पंखा आठ तास, २००. दोन मोबाईल ३०. फवारणी पंपाची बॅटरी भरायला तोटा धरून २००. झाले ४८०, वरखर्च धरून ५५०. ट्यूब्युलरमध्ये १८०० आहेत, पण निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हाती ९००. पुरतात. वजन मात्र पन्नास किलोच्या वर. १०० एएचची लिथियम फॉस्फेट घेतली तर हजारभर वॅट-तास मिळतात आणि वजन चौथा हिस्सा, पण चार्जर तिला चालणारा हवा. पैशाचं बघून पुढच्या वर्षी. टपावर ३३० वॅटचं पॅनल, हिवाळ्यातल्या चांगल्या उन्हात दिवसाला एक युनिटच्या आसपास देईल.

बाकी कशातही काटकसर करा, इथं नको. इन्व्हर्टरला ३५ स्क्वेअरची तांब्याची वेल्डिंग केबल, तीही हातभरच. प्लसच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात १२५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज वायर वाचवायला असतो, इन्व्हर्टर वाचवायला नाही, हे मला वायर जळल्यावर कळलं. बॅटरी आता बॉडीच्या बाहेर, जाळीच्या पेटीत. किटली घरी गेली, चहा थर्मासमधून येतो.

केबलला लग दाबून बसवायचं मशीन आमच्या वायरमनकडं नाही, हातोडीनं ठोकू म्हणतो. मी नको म्हटलंय. ओतूर-आळेफाट्याकडं कुणाकडं मशीन असेल तर सांगा, सोमवारपासून पाळी रात्रीची आहे.