मध्यंतरापर्यंत काही मागायचं नाही

घरी सिनेमा हवा तेव्हा थांबवता येतो. थिएटरला आता कशाला जायचं, असं विचारलं की पहिल्यांदा हीच सोय पुढे केली जाते. बेल वाजली, थांबवा. भूक लागली, थांबवा. झोप आली तर उरलेला उद्या बघा. भिंतीवर भलामोठा टीव्ही आहे, आवाज खणखणीत आहे, पार्किंग शोधायला नको, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा फोन डोळ्यांत खुपत नाही. यातलं काहीही मी नाकारत नाही. मला एवढंच विचारायचंय, की सिनेमा थांबतो तेव्हा उठतं कोण?

दाराकडे कोण जातं? कुकरची तिसरी शिट्टी आधी कुणाच्या कानात शिरते? सासऱ्यांची गोळीची वेळ कुणाला आठवते? बहुतेक घरांत या सगळ्याला उत्तर एकच असतं. पुष्कळदा तर तिच्यासाठी सिनेमा थांबवलाही जात नाही. "तुम्ही बघा, मला ऐकू येतंय," असं तीच म्हणते आणि ओट्यापाशी जाते. गाणं लागलं की हात पुसत दारात येऊन उभी राहते. गाणं संपलं की परत आत. असे दारात उभं राहून पाहिलेले कितीतरी सिनेमे आपल्या घराघरांत आहेत, आणि त्यांचे शेवट तिला जेवताना दुसऱ्या कुणीतरी सांगितलेले आहेत.

थिएटरमधला सिनेमा कुणासाठी थांबत नाही. माझ्या लेखी थिएटरची खरी किंमत त्या न थांबण्यात आहे.

आमच्या तालुक्याच्या गावाला एकच टॉकीज होतं. दुपारी तीनचा खेळ बायकांचा. तसा कुठे नियम लिहिलेला नव्हता, पण सकाळची जेवणं, मागचं आवरणं, धुणं वाळत घालणं हे सगळं उरकून संध्याकाळच्या चहाआधी जे काही हाताशी राहतं, ते तेवढंच. आई आणि वाड्यातल्या काकू एकत्र निघायच्या. तिकिटाच्या खिडकीपाशी बायकांची रांग वेगळी असायची. अबोलीचा गजरा, रुमालाच्या गाठीतली नाणी, काखेतलं पोर, आणि रांगेतच सुरू झालेली कुणाच्या तरी नणंदेची गोष्ट. आत गेल्यावर डोअरकीपर दारावरचा जाड पडदा ओढून घ्यायचा. मग आई खुर्चीला पाठ टेकायची. घरात ती पाठ टेकून बसलेली मला आठवत नाही. तिथे बसायची ती पाटावर, नाहीतर जमिनीवर, आणि तेही काहीतरी निवडत. थिएटरमध्ये तिचे हात मांडीवर रिकामे पडलेले असायचे. दिवे जाताना ती माझ्याकडे न बघता म्हणायची, "आता मध्यंतरापर्यंत काही मागायचं नाही."

घरी हे वाक्य ती कधीच म्हणू शकली नसती.

फिल्मच्या प्रोजेक्टरची एक गंमत मला फार आवडते. सेकंदाला २४ चौकटी दिव्यासमोरून जायच्या, आणि एक चौकट सरकून दुसरी जागेवर येईपर्यंत शटर प्रकाश अडवून धरायचं. त्यामुळे खेळाचा साधारण अर्धा वेळ पडदा काळाच असायचा. डोळ्यांना ते कळायचं नाही. डिजिटल यंत्रं आली आणि तो काळोख गेला. पण तीन तासांच्या सिनेमात आईला तास-दीड तास निव्वळ अंधार मिळत होता, हा हिशेब मी पुन्हा पुन्हा मनात मांडते. त्या अंधारात तिच्याकडे कुणाचं काही काम नव्हतं.

'संत तुकाराम' हा प्रभातचा चित्रपट १९३६चा, दामले आणि फत्तेलाल यांचा. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. बोललं जातं ते विष्णुपंत पागनिसांच्या तुकारामाबद्दल, शेवटच्या विमानाबद्दल. मला मात्र या चित्रपटात सगळ्यांत आधी तुकारामाची बायको आवली दिसते. गौरीबाईंनी ती केली आहे. नवरा अभंगात रंगलेला, पोरं भुकेली, घरात दाणा नाही. मुलगा आजारी पडतो तेव्हा ती त्याला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठोबासमोर उभी राहते. तुकारामाला देहभान विसरायची मोकळीक आहे. आवलीला ती नाही, कारण दोघंही भान विसरली तर पोरं मरतील. इतकं स्पष्ट आणि इतक्या मायेने हे मांडणारा दुसरा मराठी चित्रपट मला सांगता येणार नाही. आणि तो बघायला त्या ५७ आठवड्यांत ज्या बाया आल्या असतील, त्या स्वतः घरोघरच्या आवलीच होत्या; दोन-अडीच तास भान विसरायची मोकळीक विकत घेऊन बसलेल्या. हा चित्रपट मी फोनवरही पाहिला आहे. फोनवर आवली करंगळीएवढी होते. थिएटरच्या पडद्यावर तिचा राग दोन पुरुष उंच असतो, आणि विठोबासुद्धा त्याच्यापुढे लहान दिसतो.

मोकळीक फक्त बघण्याची नसते, रडण्याचीही असते. १९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. अलका कुबल यांचं सोसणं, सासूचा छळ, बापाचा अबोला. गावोगावच्या बाया टेम्पो करून तालुक्याला गेल्या आणि पदराने डोळे पुसत बाहेर पडल्या. त्यावर तेव्हाही हसणारे होते, आजही आहेत. चित्रपट म्हणून त्यात मलाही पुष्कळ खटकतं. सोसण्याचा एवढा गौरव मला मान्य नाही. पण त्या रडण्याला हसणं मला जमत नाही. घरात बाई रडली की लगेच "काय झालं?" विचारलं जातं, आणि त्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. थिएटरमध्ये पाचशेजणी एकदम रडतात आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. पडद्यावरच्या लक्ष्मीच्या नावावर आपलं जुनं दुःख खपून जातं. अशी जागा गावात दुसरी कुठली होती? देऊळ होतं, पण तिथेही कुणी ना कुणी ओळखीचं बघत असायचं.

बत्तीस वर्षांनी, ३० जून २०२३ला, केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' लागला. करोनात थिएटरं दीर्घकाळ बंद राहिली होती, लोकांना घरी बघायची सवय लागली होती, आणि आता मोठ्या मारामारीच्या चित्रपटांखेरीज कुणी घराबाहेर पडणार नाही, असं जाणकार सांगत होते. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, पाळी जाण्याच्या वयातलं शरीर, जुने रुसवे. एवढ्याशा गोष्टीसाठी बायका भिशीच्या, ऑफिसच्या, सोसायटीच्या गटांनी आल्या. नऊवारी नेसून, नथ घालून, डोळ्यांवर गॉगल चढवून आल्या. गाणं लागलं की खुर्च्या सोडून पडद्यासमोर फुगड्या घालू लागल्या. तो चित्रपट काही दिवसांनी घरी बघता येईलच, हे त्यांना चांगलं माहीत होतं. तरी त्या गेल्या, आणि काहीजणी आपल्या सासूला घेऊन पुन्हा गेल्या.

म्हणून थिएटर परवडत नाही असं कुणी म्हणतं, तेव्हा मला पैशाइतकीच वेळेची काळजी वाटते. पैसे लागतातच. पुण्या-मुंबईत शनिवारी चौघं गेली की पॉपकॉर्नसकट दीड हजाराला सहज हात लागतो, आणि घरखर्च सांभाळणारी बाई सगळ्यात आधी स्वतःचंच तिकीट रद्द करते. पण मराठी चित्रपटाला मिळणाऱ्या वेळा बघा. सकाळी नऊ, रात्री साडेदहा. या वेळांना घरातून कुठली बाई निघू शकते? दुपारी बारा ते रात्री नऊच्या दरम्यान मराठी चित्रपटाचा खेळ दाखवावा, असं राज्य सरकारने २०१५मध्ये मल्टिप्लेक्सना सांगितलं होतं. तरी तक्रार सुरूच आहे. शुक्रवारी लागलेला चित्रपट सोमवारपासून आक्रसायला लागतो. बायकांची शिफारस मात्र लोकलच्या लेडीज डब्यातून, भाजीच्या गाड्यापासून, हळदीकुंकवातून फिरते. तिला आठ-दहा दिवस लागतात. ती पोचते तोवर पोस्टर बदललेलं असतं.

मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरचा सकाळी साडेअकराचा खेळ मला या बाबतीत आदर्श वाटतो. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' २० ऑक्टोबर १९९५ला लागला आणि त्याने तिथे हजार आठवडे ओलांडले. समोर एसटीचा डेपो, जवळच मुंबई सेंट्रल स्टेशन, तिकीट स्वस्त. ज्यांच्या गाडीला वेळ आहे आणि ज्यांना शहरात टेकायला जागा नाही, अशी माणसंही तिथे येऊन बसतात. वेळ ठरलेली, दर ठरलेला, दार उघडं.

आणि दर उतरला की माणसं येतात, हे २३ सप्टेंबर २०२२ला दिसलंच. राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून मल्टिप्लेक्सनी ७५ रुपयांत तिकीट दिलं, आणि एरवी रिकाम्या जाणाऱ्या खेळांनाही गर्दी झाली. तेव्हा ज्यांच्या हातात पडदा आहे त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. आठवड्यातली एक दुपार द्या. बुधवार द्या, त्या दिवशी तुमच्या खुर्च्या तशाही मोकळ्या असतात. दुपारी एकचा खेळ, मराठी चित्रपट, ७५ रुपये. मुलं शाळेत असतात, जेवणं झालेली असतात, चारला घरी पोचता येतं. पहिल्या बुधवारी पंधराजणी येतील. तेवढ्यावर खेळ रद्द करू नका. त्या पंधराजणी घरी जाऊन बोलणार आहेत. चार बुधवार थांबा.