अढी

मला हापूस आंबा जिवापाड आवडतो, आणि म्हणूनच अक्षय्यतृतीयेपासून मृग लागेपर्यंत मला धड झोप लागत नाही.

न आवडणाऱ्या गोष्टींचं बरं असतं. दुधीभोपळ्याची भाजी कशी होईल, ही चिंता मी जन्मात केलेली नाही. ती जशी व्हायची तशीच होते. साहेबांचं भाषण रंगेल ना, म्हणून माझ्या पोटात कधी गोळा आला नाही. पण दारात आंब्याची पेटी उतरली रे उतरली, की माझी स्थिती कॅश टॅली न झालेल्या कॅशियरसारखी होते.

पहिली धाकधूक आंबा अस्सल की नकली याची. २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने माझी काळजी मिटायला हवी होती. ती वाढली. पूर्वी आंबा गोड निघाला की भागत असे. आता गोड निघाला तरी ‘हा त्या पाचांतला असेल ना?’ ही टोचणी घास गिळेपर्यंत सोबत करते.

मग अढी. कॉटखाली गवत पसरून पाच डझन आंबे मांडायचे आणि मध्यरात्री मोबाईलच्या उजेडात पोटावर सरपटत जाऊन एकेकाचा वास घ्यायचा. सगळे एकदम पिकले तर? एकही पिकला नाही तर?

“अहो, चिरंजीव झाले तेव्हासुद्धा इतक्यांदा उठून बघितलं नव्हतंत,” ही म्हणाली.

खरं आहे. पण चिरंजिवांत साका निघण्याची भीती नव्हती.

ज्यांना साका ठाऊक नाही ते सुखी लोक आहेत. बाहेरून आंबा केशरी, घमघमाट असा की शेजारी चौकशीला यावेत, आणि कापावा तर कोयीभोवतीचा गर पांढुरका, पोकळ, आंबट! बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. आमच्या बँकेत अशी कर्जखाती असतात. फळ झाडावर पुरतं तयार होऊ दिलं तर साक्याचं प्रमाण वाढतं, म्हणून बागायतदार ते चौदा आणे तयार झालं की उतरवतात. उरलेल्या दोन आण्यांचा घोर आपल्या कॉटखाली.

यावर उपाय नाही असं नाही. कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ नावाची जात काढली, तिच्यात साका नसतो. एका वर्षी माझी दशा बघवेना म्हणून हिने रत्नाच आणला. मी अगदी निर्धास्त खायला बसलो, आणि दुसऱ्या फोडीला माझं लक्ष वर्तमानपत्रात गेलं.

हा रोग माझा एकट्याचा नव्हे, वडिलोपार्जित आहे. आधी आलेला माल आधी काढावा, असं मला बी.कॉम.ला शिकवलं. आमच्या अण्णांचा नियम त्याहून कडक: आधी नासेल तो आधी खावा. त्यामुळे लहानपणी आम्ही रोज डागाळलेला आंबा खाल्ला. चांगला उद्यासाठी ठेवायचा, म्हणजे उद्या तो डागाळायचा, की लगेच आमच्या ताटात! पाच-पाच डझन चांगले आंबे विकत घेऊन त्यांतला एकही चांगला असताना न खाणारं आमचं बहुधा एकमेव घर असेल.

आता अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना साखर आहे. डॉक्टरांनी कधीमधी दोन फोडींची परवानगी दिली आहे. पण अढीवरचा हक्क त्यांनी सोडलेला नाही. परवा त्यांनीच हुंगून एक आंबा बाजूला काढला. “हा बघ, राजा आहे.” मी म्हटलं, “अण्णा, रविवारी ताई येतेय, तेव्हा कापू.” ते काही बोलले नाहीत.

शनिवारी पहाटे पाणी प्यायला उठलो, तर मोरीत एक कोय. स्वच्छ, पांढरीफटक, चोखून चोखून दाढी केल्यासारखी. अण्णा अंथरुणात डोळे मिटून पडले होते, पण मिशीला केशरी रंग होता.

“अण्णा, अख्खा?”

“तू रविवार म्हणालास,” डोळे न उघडता ते म्हणाले. “माझ्या वयाला रविवार फार लांब असतो रे.”

मी रागावणार होतो. साखरेच्या काळजीने म्हणा, किंवा त्या आंब्याच्या हेव्याने म्हणा. पण तोंडून भलतंच निघालं. “साका होता का?”

“होता थोडा. झकास होता.”

सोमवारी साखर तपासली. डॉक्टरांनी आकडा बघून मलाच झाडलं. घरात लक्ष द्यायला कुणी नाही का, वगैरे. अण्णा शाळेतल्या पोरासारखे खाली मान घालून बसले होते. परतताना रिक्षात बराच वेळ गप्प. नाक्याच्या सिग्नलला हळूच माझ्या कानाशी आले.

“भिंतीकडच्या रांगेत, डावीकडून तिसरा. उद्या होईल तो. बघून ठेव.”

घरी जाऊन मी कॉटखाली शिरलो आणि तो हुंगला. अण्णांचा अंदाज बरोबर होता.