राजगृहाचा रोपवे, आमच्या विहारात

बुद्धगया, नालंदा, राजगृह, सारनाथ, कुशीनगर अशी यात्रा करून आलेली माणसे आता प्रत्येक वस्तीत भेटतात. त्यांना राजगृहाविषयी विचारले तर वेणुवन आणि गृध्रकूटाच्या आधी रोपवेची गोष्ट निघते. कोण घाबरले, कोणाची चप्पल खाली जंगलात पडली, कोणत्या आजीने डोळे मिटून त्रिसरण म्हटले, हे पुढे वर्षानुवर्षे सांगितले जाते. आम्हीही त्या खुर्चीत बसून आलो. परत आल्यावर आमच्या विहारातील मुलामुलींबरोबर त्या रोपवेची चालती प्रतिकृती तयार केली. त्या कामात जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

राजगृह ही मगधाची जुनी राजधानी. चारी बाजूंनी डोंगर. बिंबिसार राजाने तथागतांना वेणुवन दान दिले ते येथेच, आणि पहिली धम्मसंगीती सप्तपर्णी गुहेपाशी भरली तीही येथेच. त्यातील रत्नगिरी डोंगरावर जपानचे भिक्खू निचिदात्सु फूजी, म्हणजे फूजी गुरुजी, यांच्या प्रेरणेने पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप उभा राहिला. १९६५ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९६९ मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी उद्घाटन केले. स्तूपाकडे नेणारा एकेका खुर्चीचा रोपवेही त्याच काळातला. १९७० च्या ‘जॉनी मेरा नाम’ या चित्रपटात देव आनंद आणि हेमा मालिनी यांच्याबरोबर तो साऱ्या देशाने पाहिला. २०२१ मध्ये तेथे आठ जणांच्या बंद केबिनचा नवा रोपवेही सुरू झाला. आम्ही बसलो ते जुन्या एकेरी खुर्चीत.

ही खुर्ची आपल्यासाठी थांबत नाही. खुणेवर उभे राहायचे. मागून खुर्ची येते, कामगार ती हाताने धरतो, आपण टेकतो, तो पुढचा दांडा लावतो, तोवर पाय जमिनीवरून सुटलेले असतात. खाली झाडांचे शेंडे, समोर डोंगर, आणि शेजारून परत येणाऱ्या खुर्च्यांतील अनोळखी माणसे हात हलवत जातात. वर पोहोचलो की स्तूप. परतताना पुष्कळ जण पायी उतरून गृध्रकूटाला जातात.

आमच्याबरोबरच्या मुलांनी खाली आल्यावर एकच प्रश्न धरला. एवढ्या खुर्च्या ओढते कोण? आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. जमाखर्च विचारा, सांगू. यंत्राचे उत्तर शोधावे लागले, आणि ते शोधताना फार दूर जाऊन यावे लागले.

खुर्चीचा रोपवे मूळचा बर्फाळ डोंगरातला. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खाली यायचे, याला स्कीइंग म्हणतात. खाली येणे सोपे, पुन्हा वर चढणे कष्टाचे. अमेरिकेत आयडाहो राज्यात युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने हिवाळ्यात प्रवासी मिळावेत म्हणून सन व्हॅली नावाचे ठिकाण वसवले. कंपनीचे एक अभियंता जेम्स करन यांनी त्याआधी जहाजावर केळीचे घड चढवणारी यंत्रणा पाहिली होती. फिरत्या दोराला आकडे, आकड्यांना घड. घडाच्या जागी खुर्ची लावली तर माणूस का जाणार नाही, असे त्यांना वाटले. वरिष्ठांना ही कल्पना धोक्याची वाटली. तेव्हा ओमाहा येथे रेल्वेच्या आवारात प्रयोग झाला. ट्रकच्या बाजूला खुर्ची टांगली, माणूस गवताच्या पेंढ्यावर उभा केला, नंतर पायांत चाकांचे बूट घालून उभा केला, आणि चालत्या ट्रकने त्याला उचलायचे. ताशी सुमारे सात किलोमीटर वेगापर्यंत माणूस सुखरूप बसतो असे दिसले. १९३६ च्या डिसेंबरमध्ये सन व्हॅलीत खुर्च्या फिरू लागल्या. म्हणजे बर्फावरच्या श्रीमंती खेळाची ही खुर्ची हमालीच्या कामातून निघाली आहे, आणि खऱ्या रोपवेच्या आधी त्याची नक्कल करून पाहिली गेली आहे.

अशी नक्कल करण्याचा छंदच युरोप-अमेरिकेत आहे. ऑस्ट्रियातील येगर्नडोर्फर कंपनी खऱ्याच्या एकबत्तीसांश मापाचे चालते रोपवे विकते. काही हौशी मंडळी मात्र तार, लाकूड, मोटर जमवून सारे स्वतः करतात. कोणी घराच्या अंगणात मातीचा डोंगर रचून त्यावर खांब रोवतो. हे वाचून आमच्या मुलांनी ठरवले की आपणही करायचे, पण आपल्या राजगृहाचा.

माप ठरले एक-वीस. नववीतल्या मुलीने हिशेब मांडला. तीन मीटरचे चाक पंधरा सेंटिमीटरचे होईल, सोळा दशांश मीटर उंचीचा माणूस आठ सेंटिमीटरचा. पण साठ किलोचा माणूस किती वजनाचा? लांबी, रुंदी, उंची तिन्ही वीसपट कमी, म्हणजे वजन आठ हजारपट कमी. साडेसात ग्रॅम! एवढ्या हलक्या बाहुलीने खुर्ची स्थिर राहीना, जरा धक्का लागला की झोके. म्हणून प्रत्येक खुर्चीखाली लोखंडी नट बांधले. शाळेत घनफळ शिकताना जे कंटाळवाणे वाटते, ते येथे डोळ्यांसमोर झुलत होते.

रचना अशी असते. खाली एक मोठे चाक, वर एक मोठे चाक, आणि दोघांभोवती अखंड दोर. एक चाक मोटर फिरवते. खुर्च्या दोराला चिमट्याने घट्ट धरलेल्या, सारख्या अंतरावर. चढणाऱ्या खुर्च्यांचे वजन उतरणाऱ्या खुर्च्या तोलून धरतात, म्हणून मोटरला फक्त फरकाचे ओझे ओढावे लागते. उन्हाने आणि वजनाने दोर लांबतो, तेव्हा दुसरे चाक सरकत्या गाड्यावर बसवून त्याला मागे वजन टांगतात. दोर आपोआप ताठ राहतो. आम्ही वाळू भरलेला डबा टांगला. मोटर जुन्या टेपरेकॉर्डरची, वेग कमी करायला रबरी पट्टे आणि लहानमोठ्या चकत्या.

खुर्चीची दांडी सरळ चालत नाही. खांबावरच्या चाकांना वळसा घालून खाली यावी लागते, म्हणून तांब्याची तार प्रश्नचिन्हासारखी वाकवली. मग मुलांनी मुद्दाम एक चाचणी घेतली. चढणाऱ्या बाजूला सगळ्या बाहुल्या बसवल्या, उतरणारी बाजू रिकामी ठेवली आणि मोटरचा पट्टा काढला. सगळ्या खुर्च्या उलट धावत खाली आल्या. सभागृहात एकदम शांतता. बाहुल्यांच्या जागी माणसे असती तर काय, हे सांगावे लागले नाही. खऱ्या रोपवेला उलट फिरण्याविरुद्ध वेगळा ब्रेक का असतो ते सर्वांना कळले. एका मुलाने सायकलचे फ्रीव्हील आणून चाकाच्या दांड्यावर बसवले. ते एकाच दिशेला फिरते. पुन्हा पट्टा काढला, खुर्च्या जागच्या जागी थांबल्या.

राहिला दोर. तो अखंड कसा करायचा? गाठ मारली की गाठ चाकावर अडखळे आणि खुर्च्यांना हिसका बसे. चिकटवले तर सांधा ताठर होई. आय.टी.आय.त शिकणाऱ्या मुलांनी डोके खाजवले. तेवढ्यात रोज संध्याकाळी कोपऱ्यात पेपर वाचत बसणारे एक काका उठून आले. गोदीत तीस वर्षे काम करून निवृत्त झालेले, शिक्षण चौथी.

“गाठ नको. गाठीपाशीच दोर झिजतो,” ते म्हणाले. “तीन पिळांची नायलॉनची दोरी आणा.”

त्यांनी दोन्ही टोकांचे पीळ उलगडले. एका टोकाचा एक पीळ मागे काढत न्यायचा, आणि रिकाम्या झालेल्या खाचेत दुसऱ्या टोकाचा पीळ बसवत जायचा. तिन्ही पिळांचे सांधे वेगवेगळ्या जागी. शेवटी बोट फिरवले तर जोड सापडेना. खऱ्या रोपवेचा पोलादी दोरही गाठीविना असाच जोडतात. त्यात सहा पीळ असतात, मधला गाभा काढून पिळांची टोके तेथे दडवतात, आणि जोडाची लांबी दोराच्या जाडीच्या सुमारे बाराशेपट ठेवतात. आमची दोरी दोन मिलिमीटरची, म्हणजे जोड जवळजवळ आठ फूट. काकांनी हाताने अंदाजे घेतलेला जोड आम्ही मोजला. पावणेआठ फूट भरला.

“काका, तुम्हाला हे कोणी शिकवलं?” एकाने विचारले.

“मुकादमाच्या शिव्यांनी,” काका म्हणाले आणि हसले.

त्यांचा नातूही त्या मुलांत होता. आजोबा गोदीत ‘काम करत होते’ एवढेच त्याला ठाऊक. त्या कामात असे शास्त्र आहे, हे घरात कधी निघालेच नव्हते. काकांनाही ते सांगण्यासारखे वाटले नव्हते.

प्रतिकृती विहाराच्या सभागृहात बुद्धपौर्णिमेला मांडली. खर्च एकूण ८४० रुपये, पावत्या आमच्याकडे आहेत. पुठ्ठ्यावर करणाऱ्यांची नावे लिहायची होती. काकांना विचारले, तुमच्या नावापुढे काय लिहू? ते म्हणाले, “लिहा, मजूर.” नववीतल्या मुलीने खडू खाली ठेवला आणि थोडा विचार केला. मग तिने सर्वांत वर त्यांचे नाव लिहिले आणि पुढे लिहिले, ‘दोरजोडणीचे शिक्षक’. काकांनी ते दोनदा वाचले. काही बोलले नाहीत.

राजगृहाला जाल तेव्हा खुर्चीत बसण्याआधी पाच मिनिटे खालच्या मोठ्या चाकापाशी मुलांना उभे करा. टांगलेले वजन दाखवा, ब्रेक कोठे आहे ते विचारा. खुर्ची धरून बसवणाऱ्या कामगाराला त्याचे काम विचारा, तो आनंदाने सांगेल. आणि घरी परतल्यावर मुलांना त्यांच्या आजोबांजवळ, आजीजवळ बसवा. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, बांधकामावर त्या हातांनी नेमके काय केले, ते मुलांनी वहीत लिहून घ्यावे. अशा वहीची पाने आमच्याकडे आणून दिलीत, तर पुढच्या प्रतिकृतीचे काम त्यांतूनच सुरू करू.