रिकामा कॅन

तेलगावच्या शिवारात आमचा ऊस आहे, ठिबकवर. सुंदरराव सोळंके कारखाना हाकेच्या अंतरावर, त्यामुळे उसाशिवाय दुसरं सुचत नाही. पण बोअरचं पाणी जड. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो आणि सरीच्या टोकाचा ऊस तहानलेला राहतो. मग नळ्यांतून ॲसिड सोडावं लागतं.

त्या सकाळी ड्रममध्ये आधी पाणी भरलं, मग गंधकाम्लाची बारीक धार सोडली. पाच लिटरचा कॅन, पण वजन नऊ किलोच्या वर. पाण्याच्या पावणेदोनपटीहूनही जड. ड्रमला हात लावला तर गरम. शेवटच्या ड्रीपरखाली पीएच पेपर धरला, 4 दाखवला. पंप बंद केला. आता 24 तास नळ्या तशाच ठेवायच्या आणि उद्या टोकं उघडून धुवायच्या.

नियम सगळे पाळले. चुकलो ते कॅन विसळताना. रिकामाच आहे म्हणून त्यात तांब्याभर पाणी ओतलं. तळाशी घोटभर ॲसिड होतं. पाणी हलकं, ते वरच तरंगलं आणि तापून जागीच उकळलं. फस्सकन आवाज झाला, तोंडातून शिंतोडे उडाले. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. हात बराच वेळ हौदाच्या नळाखाली धरला. बाहीवर चार थेंब पडलेत, हे ध्यानातही आलं नाही.

दोन दिवसांनी आई शर्ट घेऊन आली. "उंदरानं कुरतडला का काय रे?" बाहीला गव्हाएवढी भोकं. थेंबातलं पाणी उडून गेलं होतं, ॲसिड उडत नाही. ते आटत आटत तीव्र झालं आणि सुताला खाऊन गेलं.

नववीतल्या पुतण्याला पटेना. मोकळ्या अंगणात, त्याला लांब उभं करून, काचेच्या वाटीत चमचाभर साखर घेतली आणि वर थोडं ॲसिड सोडलं. साखर पिवळी पडली, तपकिरी झाली, मग काळी फुगत वर आली. वाफ, जळक्या गुळासारखा वास, आणि मागे उरला कोळसा.

"साखरेत पाणी होतं?" त्यानं विचारलं.

साखरेत काय, कापसातही पाण्याचेच घटक असतात, कार्बनशी जखडलेले. ऊस-कापसाला आम्ही महिनोन्‌महिने पाणी पाजतो. हे ॲसिड पाण्याला इतकं हावरं, की ते घटकसुद्धा ओढून काढतं.

आता कॅन विसळायचा झाला, तर आधी ड्रमभर पाण्यावर उलटा धरून पुरता निथळतो आणि मग त्याच पाण्यात बुडवतो. रिकामा दिसला तरी.