उन्हाच्या हक्काचं

नवतपा लागला की आमच्या गोंदिया जिल्ह्यात अंगणांचं रूप पालटतं. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो आणि पुढचे नऊ दिवस माणसं, गुरं, पाखरं सावली धरून बसतात. मोहफुलं तोवर वाळून पोत्यात गेलेली असतात, तेंदूपत्त्याची धावपळ सरत आलेली असते, आणि मोकळ्या झालेल्या अंगणात गोधड्या येतात. बाजेवर, कुंपणावर, विहिरीच्या काठावर, जिथं म्हणून ऊन पोचतं तिथं गोधडी. हिवाळाभर माणसांच्या अंगाशी राहिलेल्या, घामानं जड झालेल्या गोधड्या. आजी म्हणायची, "उन खाऊ दे त्याले चांगलं." दुपारी उन्हाचा चटका बसत असतानाच ती त्या उलटून टाकायची, कारण जाड गोधडीच्या पोटातली ओल एका बाजूच्या उन्हानं जात नाही.

ही घाई पुढच्या पावसासाठी असते. धानाचा हा मुलूख, झड लागली की आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही. मग साधा टॉवेलही सुकत नाही, घरभर कुबट वास भरतो, आणि काखेत, जांघेत गजकर्ण उठतं. ओल हे बुरशीचं आणि जंतूंचं माहेर. ऊन दोन कामं करतं: ओल काढून घेतं, आणि त्यातले अतिनील किरण जंतूंना थेट मारतात. झडीत निखाऱ्यावरची इस्त्री थोडीफार उन्हाची जागा घेते; शिवणीवर, नेफ्यावर ती जरा रेंगाळू द्यावी.

पण सगळंच काम उन्हावर सोडता येत नाही. सुट्टीत वसतिगृहातून घरी आलेलं पोर रात्रभर बोटांच्या बेचक्या खाजवू लागलं की आजी परसात तीन दगडांची चूल मांडायची. चुलीवर मोठा गंज, त्यात चादरी, अभ्रे, पोराचे सगळे कपडे आणि मूठभर धुण्याचा सोडा. सोडा नसेल तेव्हा राख रात्रभर पाण्यात भिजवून तिची वरची निवळी; त्या निवळीत पोटॅशचा खार असतो, तो मळ सोडवतो. पाण्याला उकळी फुटली की कापड फुगून वर यायचं, आणि ती लाकडाच्या दांड्यानं ते पुन्हा खाली दाबायची. वाफेनं तिचा चेहरा ओला व्हायचा. मळाचा करडा फेस काठाशी जमायचा. खरजेचा किडा 50 अंशांच्या पाण्यात दहा मिनिटंही तग धरत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. उकळता न येणारं जाड पांघरूण ती गाठोड्यात बांधून आठवडाभर बाजूला ठेवायची, तेही बरोबरच होतं. माणसाच्या अंगावाचून तो किडा दोन-तीन दिवसांत मरतो. मात्र घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावलं नाही तर ही सगळी मेहनत पाण्यात जाते.

बाळंतपणाआधीही हाच गंज चढायचा. जुनं, वापरून मऊ झालेलं लुगडं फाडायचं, तुकडे उकळायचे, कडक उन्हात वाळवायचे आणि स्वच्छ फडक्यात बांधून उंच ठेवायचे. त्या गाठोड्याला कुणी हात लावायचा नाही. उकळीलाही मर्यादा आहे: धनुर्वाताचे बीजाणू तिला दाद देत नाहीत, त्यांना दवाखान्यातली 121 अंशांची, दाबाखालची वाफच लागते. भारतात नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं, ते आईला दिलेल्या लसीमुळं, स्वच्छ हातांमुळं, नाळ कापायच्या स्वच्छ पात्यामुळं आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळं.

इतकं सगळं जाणणाऱ्या आमच्या घरांत एक कापड मात्र उन्हाला कायम पारखं राहिलं. पाळीचं कापड. ते न्हाणीच्या कोपऱ्यात, कोठ्यात, कवेलूंच्या फटीत, फार तर दोरीवर ओल्या साडीच्या खाली दडवून वाळायचं, म्हणजे खरं तर वाळायचंच नाही. बाळाचं लंगोट भर अंगणात फडफडायचं आणि त्या बाळाच्या आईचं कापड अंधारात कुजायचं. अर्धवट ओलं तसंच पुन्हा वापरायचं, मग खाज, पांढरं जाणं, जळजळ, आणि त्याबद्दलही मौन. मला याचा आजही राग येतो. ही गोष्ट जुनी झालेली नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 24 वयाच्या सुमारे निम्म्या मुलींनी पाळीत कापड वापरत असल्याचं सांगितलं; त्यातल्या काही जणी पॅडही वापरतात.

कापड वाईट नाही. सुती, मऊ कापड नीट राखलं तर चांगलंच. आधी गार पाणी, कारण गरम पाण्यानं रक्ताचा डाग धाग्यात बसतो. मग साबण, पाणी नितळ येईपर्यंत खळबळणं, जमेल तेव्हा उकळणं. आणि शेवटी उघडं, थेट ऊन, कापड हाताला कडक लागेपर्यंत. ब्लीचिंग पावडर वापरायचीच तर फक्त पांढऱ्या सुतीला, पातळ करून, आणि ॲसिडजवळ कधीही नाही. त्यातून विषारी वायू निघतो.

28 मे हा जगभर मासिक पाळी स्वच्छता दिन म्हणून पाळला जातो. तो आपल्या नवतप्यातच येतो. सालेकसा असो, देवरी असो की अर्जुनी मोरगाव, वर्षातलं सगळ्यात कडक ऊन तेव्हा आपल्या अंगणात असतं. घरातल्या बाप्यांनो, भावांनो, यंदा अंगणात एक दोरी जास्तीची बांधा, आणि तिच्यावर काय वाळतंय ते कुणी विचारू नका. बायांनो, पोरींनो, त्या दोरीवर आपलं कापड वरून काहीही न झाकता टाका.