तेरा स्लॉट आणि साडेचार अँपियर

मंडळी, मदरबोर्डचे फोटो झूम करून बघत बसणं हा काही चारचौघांत सांगण्यासारखा छंद नाही. पण आहे मला. आणि हा छंद असलेल्या माणसासाठी २०१७ हे साल म्हणजे निव्वळ जत्रा होती. आपल्या साध्या घरच्या पीसीत ग्राफिक्स कार्डासाठी एक लांब स्लॉट आणि सोबत दोन-तीन आखूड स्लॉट असतात, ते पण बहुतेकांचे जन्मभर रिकामेच. त्या वर्षी अ‍ॅसरॉकने एच११० प्रो बीटीसी प्लस नावाचा बोर्ड काढला, त्यावर १३ स्लॉट! मग असूसने बी२५० मायनिंग एक्स्पर्ट काढला, त्यावर १९. एक लांब आणि १८ आखूड, कंगव्याच्या दातांसारखे ओळीने. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसर्‍या वर्षाला होतो आणि खिशात एक कार्ड घ्यायचीही ऐपत नव्हती. त्यामुळे नुसतं बघणं चाललं होतं.

आता कॉम्प्युटर आर्किटेक्चरचा पेपर दिलेल्या कुणालाही पहिला प्रश्न हाच पडणार की ग्राफिक्स कार्डाला १६ लेनचा स्लॉट लागतो, मग ते या एका लेनच्या आखूड स्लॉटवर चालतं कसं? याचं उत्तर मायनिंगच्या स्वभावात आहे. २०१७ ते २०२२ या काळात घरगुती मायनिंग म्हणजे मुख्यतः इथेरियम. बिटकॉइन २०१३ नंतर खास त्याच कामासाठी बनवलेल्या चिप्सच्या ताब्यात गेलं होतं. इथेरियमच्या गणितात काही जीबींची एक मोठी फाइल कार्डाच्या मेमरीत असावी लागते, पण ती फाइल कार्ड स्वतःच तयार करतं. बाहेरून येतं ते फक्त "हे घे नवीन गणित", आणि बाहेर जातं ते "हे घे उत्तर". म्हणजे काही बाइट्सचा मामला. पीसीआय एक्सप्रेसच्या दुसर्‍या पिढीची एक लेन सेकंदाला ५०० एमबी वाहून नेते. हे म्हणजे पोस्टकार्ड पाठवायला आख्खा ट्रक. सोळा ट्रक हवेतच कशाला?

मग कार्ड बोर्डापासून लांब, लोखंडी किंवा लाकडी फ्रेमवर टांगायचं आणि मध्ये रायझर लावायचा. आखूड स्लॉटमध्ये एक छोटी पट्टी, तिथून निळी यूएसबी ३ ची वायर, आणि दुसर्‍या टोकाला लांब स्लॉटचा एक छोटा बोर्ड. गंमत म्हणजे त्या वायरीतून यूएसबीचं काहीएक वाहत नाही. तारांच्या जोड्या पुरेशा आहेत आणि वायर स्वस्त मिळते म्हणून ती उसनी घेतलेली. (म्हणूनच ती चुकूनही खर्‍या यूएसबी पोर्टात खुपसू नये.)

इथपर्यंत सगळं डेटाचं चाललंय आणि डेटाचं काहीच अडत नाही. अडतं ते विजेचं.

नेहमीच्या पीसीत कार्ड थेट स्लॉटमध्ये बसतं तेव्हा ते बोर्डाकडून ७५ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतं. त्यातले ६६ वॅट १२ व्होल्टच्या पिनांतून. बाकीची भूक ६ पिनी (७५ वॅट) किंवा ८ पिनी (१५० वॅट) कनेक्टरमधून भागते, जो सरळ पॉवर सप्लायकडून येतो. रायझर लावला की बोर्डाकडून येणारी वीज बंद, कारण त्या निळ्या वायरीतून ती जाऊच शकत नाही. मग स्लॉटच्या वाट्याची वीज रायझरला वेगळी द्यावी लागते. आणि बर्‍याच रायझरच्या खोक्यात त्यासाठी एक छोटीशी वायर फुकट यायची. एका टोकाला रायझरचा ६ पिनी कनेक्टर, दुसर्‍या टोकाला साटा. तोच चपटा काळा, हार्ड डिस्कला लावतो तो.

साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपियरच्या. झाले साडेचार. गुणिले बारा, म्हणजे ५४ वॅट. हार्ड डिस्कसाठी हे भरपूर आहे. पण स्लॉटला मागता येतात ६६. कनेक्टर बरोब्बर बसतो, दिवा लागतो, पंखे फिरतात. फक्त गणित बसत नाही.

हे सगळं मी पुस्तकी थाटात सांगतोय खरं, पण माझ्यासाठी हा विषय आमच्या आत्याच्या घरच्या माळवदावरच्या खोलीत येऊन पोचला होता.

आत्याचं गाव सांगलीजवळ. आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. थोडा ऊस, आणि गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दुकान बसलं. पुढच्या वर्षी इथरचा भाव मे महिन्यात ४००० डॉलरच्या वर गेला, आणि दादाने पतसंस्थेचं कर्ज काढून सहा जुनी आरएक्स ५८० कार्डं घेतली. त्यात भर म्हणजे त्याला बोर्ड मिळाला तो १३ स्लॉटचा! "अजून सात बसतात लका," हे त्याचं पालुपद. रिकामा स्लॉट त्याला रिकाम्या रानासारखा दिसायचा, पेरायचं राहून गेलेला.

त्या दिवाळीत, नोव्हेंबर २०२१ मध्ये, मी गावी गेलो. वरच्या खोलीत रिग होती. एका बाजूला गाद्या आणि गोधड्यांची चळत, दुसर्‍या बाजूला ज्वारीची पोती. वास येत होता, पण दिवाळीत सगळ्या गावालाच जळका वास असतो. बॅटरी मारून एकेक रायझर बघत गेलो. पाचव्या कार्डाच्या वायरीचं साटाचं तोंड तपकिरी पडून एका बाजूने वितळलं होतं. आणि रिग चालूच होती! सहाही कार्डं हॅशरेट देत होती. स्क्रीनवर सगळं हिरवं. बरोबर खालच्या खोलीत आत्या झोपते.

मी म्हंटलं, "दादा, हे आत्ताच्या आत्ता बंद कर."

"एमसीबी पडलाय का? नाही ना? मग काय झालंय?" दादा म्हणाला. "महिन्याच्या दहा तारखेला हप्ता आहे. एक दिवस बंद म्हणजे किती जातात ठाऊक आहे का तुला?"

त्याचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. आपण सगळेच असं समजतो की काही चुकलं तर काहीतरी पडेल, फ्यूज जाईल, मशीन आपणहून बंद होईल. पण एमसीबी काय बघतो? घरात एकूण करंट किती आला ते. सहा कार्डांची रिग भिंतीतून साधारण ८०० वॅट घेत होती, म्हणजे साडेतीन अँपियर. एमसीबीच्या हिशेबाने किरकोळ. पॉवर सप्लाय काय बघतो? १२ व्होल्टच्या लाइनवर एकूण किती ओढलं ते. हजार वॅटच्या सप्लायला तिथे ८० अँपियर देता येतात. एका बारक्या कनेक्टरवर पाच-साडेपाच गेले तर त्याला पत्ताही लागत नाही. आणि पिन सैल झाली की बिघडतो तो तिथला रोध, करंट नाही. रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने प्लॅस्टिक मऊ होतं, पिन अजून सैल होते, रोध अजून वाढतो... आणि हे चोवीस तास, महिनोन् महिने. हार्ड डिस्क अशी कधी वागत नाही. थोडक्यात काय, रखवालदार सगळे वेशीवर उभे आणि आग आतल्या गल्लीत.

हे सगळं मी दादाला सांगितलं. फार काही फरक पडला नाही. मग मला शेतातली मोटर आठवली.

"दादा, मोटरच्या स्टार्टरच्या पेटीत वायरचं टोक सैल राहिलं तर काय होतं?"

"जळतं की. काळं पडतं."

"मग फ्यूज जातो का?"

दादा गप्प झाला. दोन वर्षांपूर्वी त्याची पेटी अशीच जळाली होती, आणि फ्यूज शेवटपर्यंत शाबूत होता. तो उठला आणि स्वतःच स्विच बंद केला.

पण बंद करणं हे उत्तर नव्हतं. दहा तारीख होतीच. मग भाऊबीजेच्या आदल्या रात्री आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. स्लॉट तेरा, ते सोडून दिले. पॉवर सप्लायमधून बाहेर येणारी तोंडं मोजली. कार्डांसाठीची ८ पिनी (त्यातल्या दोन पिना सुट्या करून ६ पिनीही होतात ती) एकूण आठ, आणि जुन्या पद्धतीच्या चार पिनी मोलेक्सच्या दोन वायरी. मोलेक्सची पिन जाड असते, एका वायरीवर एक रायझर निवांत चालतो. आता सहा कार्डं म्हंटली तर सहा तोंडं कार्डांनाच गेली. उरली दोन, अधिक मोलेक्स दोन. म्हणजे चारच रायझर, आणि दोन उघडे. पाच कार्डं म्हंटली तर कार्डांना पाच, उरलेल्या तीन तोंडांवर तीन रायझर, मोलेक्सवर दोन. बरोबर पाच. साटा कुठेच नाही.

म्हणजे तेरा स्लॉटच्या त्या बोर्डावर, त्या सप्लायवर, खरी जागा पाचच कार्डांची होती. खोक्यावर छापलेला आकडा वेगळा आणि वायरींनी सांगितलेला वेगळा. असूसच्या त्या १९ स्लॉटच्या बोर्डावर पॉवरचे २४ पिनी कनेक्टर चक्क तीन होते, म्हणजे तीन पॉवर सप्लाय जोडायची सोय. ते मला फोटोत अनेकदा दिसलं होतं. पण बोर्ड बनवणार्‍यांनी ती सोय का केली असेल ते त्या रात्री गोधड्यांशेजारी बसून खरं उमगलं.

सहातलं एक कार्ड काढायचं म्हणजे उत्पन्नाचा सहावा हिस्सा कमी. दादाने बराच वेळ हिशेब केला, पुन्हा केला. शेवटी आत्या जिन्यातून ओरडली, "जेवायला येताय का उद्या येताय?" तेव्हा त्याने सहावं कार्ड काढून खोक्यात ठेवलं. दुसर्‍या दिवशी सांगलीहून रायझरच्या ६ पिनी वायरी आणल्या, गाद्या आणि पोती खाली हलवली, आणि एक्स्टेन्शन बोर्ड फेकून रिगसाठी मोठ्या पिनेचा १६ अँपियरचा पॉइंट टाकून घेतला. ते काढलेलं कार्ड त्याने त्याच महिन्यात विकलं. तेव्हा कार्डांचे भाव आभाळाला टेकले होते.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली. त्या नेटवर्कचा विजेचा खप ९९ टक्क्यांहून जास्त घटला आणि जगभरची कार्डं एकदम बाजारात आली. दादाची पाच कार्डं मिळून जे आलं ते सांगण्यासारखं नाही. दुकान मात्र तोवर परत चालू झालं होतं, त्यावर हप्ते फिटले. माळवदावर आता पुन्हा ज्वारी.

आज हे लिहायचं कारण म्हणजे ते जुने मायनिंगचे बोर्ड आता वेगळ्याच कामासाठी विकत घेतले जातायत. घरच्या घरी एआय मॉडेल चालवायला! ज्यांचा तसा विचार आहे त्यांना दोन गोष्टी सांगतो. पहिली, तिथे पोस्टकार्डाचा हिशेब चालत नाही. मोठं मॉडेल कार्डात चढवताना किंवा दोन-तीन कार्डांत वाटून चालवताना एका लेनचा रस्ता तुंबतो. दुसरी, विजेचं गणित तेच आहे, उलट कडक झालंय. ८ पिनी कनेक्टरमध्ये १५० वॅट तीन पिनांत वाटले की पिनेला सव्वाचार अँपियरच्या आसपास येतात, आणि पिनेची ताकद साधारण सात-आठची. म्हणजे भरपूर ऐसपैस. २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४०९० च्या नव्या कनेक्टरला एकट्याला ६०० वॅट न्यायचे होते. पिनेला सव्वाआठच्या वर, आणि ताकद साडेनऊ. कनेक्टर नीट आतपर्यंत बसला नाही की संपलं. तो वितळल्याच्या तक्रारी त्याच वर्षी आल्या आणि पुढच्या वर्षी त्याची सुधारित आवृत्ती काढावी लागली.

तेव्हा मंडळी, कुठलीही रिग जोडली की तासभर पूर्ण लोडवर चालवा, मग मेन स्विच बंद करून लगेच एकेक कनेक्टरला बोट लावून बघा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर त्या वायरीवरचा भार कमी करा. सॉफ्टवेअर त्या जागेचं तापमान दाखवत नाही, तिथे सेन्सरच नसतो. बोट हाच सेन्सर.

असो. शनिवार संपत आला, आणि घरचा मिक्सर बघून द्यायचं कबूल केलंय. त्याची पण पिन सैल आहे. :)