किरकोळ

"आम्हालाही दाढीचा खर्च असतोच की!"

सॅनिटरी पॅडच्या किमतीचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. कधी ऑफिसात डबे उघडल्यावर, कधी घरी जेवताना (हो, आमच्याकडे हल्ली हा विषय जेवताना निघतो आणि सासूबाई पानावरून उठून जात नाहीत), कधी लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आतेभावाकडून. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला खरंच वाटत असतं की निसर्गाने दोघांच्याही मागे एकेक खर्च लावून दिलाय, फिट्टंफाट. २०२५च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले तेव्हा तर या वाक्याला शेपूट फुटलं. "तुमच्या पॅडवर शून्य टक्के आणि आमच्या शेव्हिंग क्रीमवर अजून पाच टक्के. मग आता तक्रार कसली?"

आता मला हिशोब करायला मनापासून आवडतं. वाद घालण्यापेक्षा जास्त. म्हटलं, एकदा मांडूनच बघू.

आमच्या घरात दाढी करणारा एक आणि पॅड लागणाऱ्या दोघी. नवऱ्याच्या रेझरचं एक काडतूस साधारण दीडशे रुपयांना पडतं आणि ते तो महिनाभर पुरवतो. शेवटच्या आठवड्यात नळाखाली आपटून, फुंकर मारून, पण पुरवतो. फेसाचा डबा दोन-अडीच महिने जातो. सगळं मिळून महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास. मला पाच दिवसांत पंधरा-सोळा पॅड लागतात. चार ते सहा तासांनी बदला असं डॉक्टर सांगतात, त्या मानाने हा आकडा कमीच आहे. आम्ही आणतो ते नऊ रुपयांना एक पडतं. म्हणजे महिन्याचे एकशे चाळीस. लेकीचे तेवढेच.

थोडक्यात, माणशी हिशोब केला तर माझ्यापेक्षा नवरा महाग निघाला! त्याला इतका आनंद झाला की त्याने तो कागद फ्रिजवर लावला.

मग मी त्याला विचारलं, उद्या पैसे कमी पडायला लागले तर तू काय करशील? त्याला फार विचार करावा लागला नाही. आधी काडतूस सोडून साध्या पात्यावर येईन म्हणाला, बाबांचा जुना स्टीलचा रेझर आहेच. फेसाऐवजी आंघोळीचा साबण. मग एक दिवसाआड. मग आठवड्याला एकदा. आणि अगदीच काही नाही तर दाढी ठेवीन, बरी दिसते असं तूच म्हणतेस. म्हणजे पायरी पायरीने तो सव्वादोनशेवरून शून्यावर आला, आणि त्या प्रत्येक पायरीवर तो ऑफिसला जाऊ शकत होता, बसमध्ये बसू शकत होता, पायऱ्या चढताना मागे वळून बघावं लागत नव्हतं. बाजारानेही या पायऱ्या नीट बांधून दिल्यात. जिलेटने २०१० मध्ये भारतासाठी म्हणून पंधरा रुपयांचा रेझर आणि पाच रुपयांचं पातं काढलं होतं. इथले किती तरी पुरुष जमिनीवर बसून, समोर आरसा आणि तांब्याभर पाणी घेऊन दाढी करतात हे बघून बनवलेलं. मला त्या कल्पकतेचं कौतुकच आहे.

आता माझ्या पायऱ्या. नऊ रुपयांच्या पॅडवरून चार-पाच रुपयांच्या पॅडवर. तिथून कापडावर. संपलं. कापडाच्या खाली पायरी नाही. "या महिन्यात राहू दे, पुढच्या महिन्यात बघू" असं म्हणायची सोयच नाही. ते पाळीला सांगून चालत नाही.

(मेन्स्ट्रुअल कप का नाही वापरत, असं विचारणाऱ्या मैत्रिणी मलाही आहेत. तीन-चारशे रुपयांना येतो, काही वर्षं टिकतो, हिशोबात त्याला तोड नाही. ज्यांना जमतो त्यांनी जरूर वापरावा. पण त्याला हाताशी पाणी आणि आतून कडी लागणारी स्वच्छ जागा हवी. घरात ते असतं. सगळ्यांच्या घरात नसतं आणि कामाच्या जागी तर फारच थोड्या बायकांना मिळतं.)

कापड फुकट असतं असं आपल्याला वाटतं. माझी आई रोजचा हिशोब वहीत लिहायची. त्या जुन्या वह्यांपैकी एक माझ्याकडे आहे, १९८३ची. त्यात दर महिन्याला "ब्लेड पाकीट" आहे, "दाढीचा साबण" आहे, मध्येच एकदा "ब्रश (ह्यांचा)" आहे. घरात तेव्हा आई, आत्या आणि माझी मोठी बहीण अशा तिघी पाळीच्या वयातल्या. त्यांच्या नावावर वर्षभरात एक ओळ नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "खर्च होताच कुठे? जुनी लुगडी फाडायची."

होता ना खर्च. कपडे धुवायचा साबण त्यासाठी जास्त लागायचा, तो "किराणा" मध्ये मिसळून गेला. पाणी तिने स्वतः ओढलं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून धुतलं, ते वेळेच्या कुठल्याच वहीत नाही. आणि वाळवायचं कुठे, तर न्हाणीघरातल्या दोरीवर, परकराच्या खाली. कापड वापरायला काहीच हरकत नाही, पण ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, असं डॉक्टर सांगतात. ऊन ही तर खरंच फुकटची गोष्ट! पण तेवढी एक मात्र त्या कापडांच्या वाट्याला येत नसे, कारण अंगणातल्या दोरीवर बाबांचा बनियन चालायचा, हे चालायचं नाही.

पुढे मी कॉलेजात असताना घरात पॅड यायला लागली तेव्हा आईने वहीत त्यांच्यासाठी शब्द शोधला. "किरकोळ." त्या शब्दाखाली काय काय असायचं! भिकाऱ्याला, टाचण्या, रिक्षा, आणि आम्ही.

गरज कुठली आणि सोय कुठली, हे तपासायचं तर त्यासाठी एक परीक्षा आपल्या सगळ्यांची एकदम झालेली आहे. २०२० चं लॉकडाउन. २५ मार्चपासून सगळं बंद. अत्यावश्यक वस्तूंमध्ये काय येतं यावर गोंधळ होता. शेवटी २९ मार्चला केंद्रीय गृह खात्याला पत्र काढून खुलासा करावा लागला, आणि त्या यादीत साबण, टूथपेस्ट, डायपर यांच्याबरोबर सॅनिटरी पॅड लिहिलेलं होतं. लिहावं लागलं, हे महत्त्वाचं. शाळा बंद झाल्या तशी ज्या मुलींना शाळेतून पॅड मिळायची त्यांची तीही बंद झाली.

आणि दाढी? महाराष्ट्रात सलून थेट २८ जूनला उघडली. तीही आधी फक्त केस कापायला, दाढीला परवानगी नव्हतीच. तीन महिन्यांहून जास्त काळ राज्यातल्या कोट्यवधी पुरुषांची सलूनमधली दाढी सरकारी आदेशाने बंद होती. काय झालं? आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर काका-मामांचे ऋषिमुनींसारखे फोटो आले आणि आम्ही सगळे हसलो. हाल झाले ते सलून चालवणाऱ्यांचे, ज्यांची दाढी वाढली त्यांचे नाहीत.

इथे एक मान्य करायला हवं. सगळ्याच पुरुषांना दाढी ठेवायची मुभा नसते. मोठ्या हॉटेलात काम करणारा, सिक्युरिटीचा गणवेश घालून गेटवर उभा राहणारा, पोलिसातला, सैन्यातला, यांना रोज गुळगुळीत गालाने हजर राहावं लागतं. पण तो नोकरीचा खर्च झाला. गणवेश देता तसं पातंही द्या, असं त्यांनी मालकाला म्हटलं तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

आता ते शून्य टक्के. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पॅडवर १२ टक्के लागले. कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या यांना मात्र पहिल्यापासून माफी. (कपाळ महत्त्वाचं!) सरकारचं म्हणणं, आधीचे सगळे कर मिळून १३.६८ टक्के होत होते, म्हणजे कमीच केला. बरीच ओरड झाली, याचिका झाल्या, आणि २१ जुलै २०१८ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने पॅड करमुक्त केलं. शेव्हिंग क्रीम सुरुवातीला २८ टक्क्यांत होतं, नोव्हेंबर २०१७ मध्ये १८ वर आलं आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ वर.

म्हणजे आतेभाऊ आकड्यात चुकला नाही. पण करमुक्त म्हणजे कर गेला असं नव्हे. पॅडमध्ये लाकडाचा लगदा, पाणी धरणारी भुकटी, प्लॅस्टिकचा पातळ थर, गोंद असं बरंच काही असतं. हे विकत घेताना कारखानदार कर भरतोच. विक्रीवर कर असला तर आधी भरलेला कर त्यातून वजा करता येतो. विक्रीच करमुक्त असली तर वजा कशातून करणार? मग तो भरलेला कर मुकाट्याने किमतीत जाऊन बसतो. म्हणून २०१८ मध्ये १२ टक्के उडाले तरी पाकिटाची किंमत बारा टक्क्यांनी उतरली नाही. शेव्हिंग क्रीमवाल्याला ती वजावट मिळते. कराची बाजू एवढीच. खरं सांगायचं तर मला त्यात फार रस नाही. नऊ रुपयांतला रुपया इकडेतिकडे झाल्याने माझं काही बिघडत नाही, आणि ज्यांचं बिघडतं त्यांची अडचण नऊ रुपयांची आहे, रुपयाची नाही.

स्वस्त पॅडच्या योजना झाल्या, नाही असं नाही. जनऔषधी दुकानांत २०१८ मध्ये अडीच रुपयांना पॅड मिळायला लागलं, २०१९च्या ऑगस्टपासून एक रुपयाला. आपल्याकडे ८ मार्च २०१८ ला अस्मिता योजना सुरू झाली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना बचतगटांमार्फत पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट. योजना चांगलीच होती. मी फक्त त्या आठ आकड्याशी अडते. पाच दिवस आणि आठ पॅड. दुसऱ्या दिवशीच चार लागतात. उरलेल्या चार दिवसांना चार, म्हणजे सकाळी लावलेलं दुसऱ्या सकाळपर्यंत.

अर्थात कुणी तसं करत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१ची) १५ ते २४ वयाच्या मुलींना विचारलं होतं की काय वापरता. ६४ टक्के म्हणाल्या सॅनिटरी नॅपकिन, ५० टक्के म्हणाल्या कापड, १५ टक्के गावात बनवलेली पॅड. बेरीज शंभराच्या पुढे जाते, कारण एकच मुलगी दोन्ही सांगते. शाळेत जाताना पॅड, घरी आल्यावर कापड, असं ते असणार. कुठलीही योजना येण्याआधी आणि गेल्यानंतर, बायका वाटून वाटूनच वापरतात.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी एकदा सहज विचारलं होतं. त्यांची मुलगी नववीत आहे. "पोरीला पॅड, मला कापड," त्या म्हणाल्या. "माझी आता कितीशी वर्षं राहिली, ताई." मी हिशोब केला, निदान आठ तरी. त्यांचे यजमान दर रविवारी सलूनमध्ये जाऊन दाढी करतात. साठ रुपये. चार रविवारचे दोनशे चाळीस. मी ते बोलून दाखवलं तर त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "ते त्यांच्या खिशातनं जातं ना. हे घरखर्चातनं काढावं लागतं."

एवढ्या एका वाक्यात माझा फ्रिजवरचा कागद निकालात निघाला. दोनशे चाळीस जास्त की चाळीस रुपयांचं पाकीट जास्त, हा प्रश्नच नव्हता. एक खर्च कुणाला न विचारता होतो. दुसरा गॅस, रेशन आणि शाळेची फी यांच्यातून वाचवून करायचा, आणि कशासाठी वाचवला तेही सांगायचं नाही.

"आठचं पाकीट पुरतं का पण तिला?" मी विचारलं.

"सहाच देते तिला. दोन राखते."

"तुम्हाला?"

"नाय वो. पत्र्याच्या डब्यात ठेवते, रेशनकार्डासंगट. एस.टी.चा लांबचा प्रवास असतो, दवाखान्यात बसावं लागतं, कुणाचं मयत होतं. दोघींतलं कुणाला तरी लागतंच. आयत्या वेळी कुणाकडं मागायचं?"

गेल्या दिवाळीत डब्यात बारा साठली होती म्हणे. सांगताना चेहरा असा, की भिशी लागल्यासारखा.